सीझनच्या आधीचे दोन तास

पाटण तालुक्यात तुम्हाला हॉटेल काढायचं असेल तर आधी कागदपत्रांमागे पळावं लागतं. ग्रामपंचायतीचा दाखला, अन्नपदार्थांसाठी एफएसएसएआयचा परवाना, दारू ठेवायची असेल तर उत्पादन शुल्क खात्याचं लायसन. अन्न हाताळणाऱ्या दर पंचवीस माणसांमागे एक तरी प्रशिक्षित, सर्टिफिकेटवाला अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा, असा एफएसएसएआयचा नियम आहे. म्हणजे पनीर किती थंड ठेवायचं हे शिकलेला माणूस हॉटेलात असलाच पाहिजे, हे सरकारला पटलंय. पण रूम नंबर चारमधल्या गिऱ्हाइकानं टॉवेलवर दार उघडलं आणि चादर बदलायला आलेल्या बाईला "आत ये ना" म्हणाला, तर तिनं काय करायचं? कुणाला सांगायचं? ज्याला सांगितलं त्यानं पुढं काय करायचं? हे शिकलेला एक तरी माणूस त्या हॉटेलात आहे का, हे परवाना देताना कुणी विचारत नाही.

विचारायला कायद्याचा आधार नाही असंही नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, ज्याला आपण 'पॉश' म्हणतो, ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक मालकाची कर्तव्यं लिहिली आहेत. कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळानं कार्यशाळा घेणं हे त्यातलं एक. छळाचे परिणाम काय होतात आणि तक्रार समितीत कोण आहे, हे सगळ्यांना दिसेल अशा जागी लावणं हे दुसरं. मी कोयनानगर, सडावाघापूर आणि कराड-चिपळूण रस्त्यावरच्या बऱ्याच ठिकाणी जेवलोय, राहिलोय. 'येथे बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत' ही पाटी सगळीकडे वाचली. दुसरी पाटी अजून एकाही भिंतीवर दिसलेली नाही.

मी पाटणचा. कराडला इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. या विषयावर मी का लिहावं, असं कुणी विचारेल. लिहितोय कारण आमच्या तालुक्यात सध्या एकच स्वप्न विकलं जातंय आणि ते पर्यटनाचं आहे. पावसाळ्यात सडावाघापूरचा उलटा धबधबा बघायला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. ओझर्डेचा धबधबा, नेहरू उद्यान, वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या, हे सगळं तुमच्या रील्समध्ये येऊन गेलंय. नवीन महाबळेश्वर प्रकल्पाच्या पहिल्या आराखड्यातच सातारा जिल्ह्यातली २३५ गावं होती आणि त्यात आमच्या तालुक्यातलीही आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये राज्याचं पर्यटन खातं पाटणच्याच आमदारांकडे, शंभूराज देसाई यांच्याकडे आलं. राज्याच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत १८ लाख रोजगारांची भाषा आहे. यातले बरेच रोजगार कुठले असणार? रिसेप्शन, हाउसकीपिंग, किचन, वाढपी. आणि ते कुणाला मिळणार? बारावी झालेल्या, पुण्या-मुंबईला जायची घरून परवानगी नसलेल्या आमच्या पोरींना. घराजवळ नोकरी आणि हातात स्वतःचा पगार, ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच ती नोकरी टिकली पाहिजे.

माझी एक मावसबहीण अशाच एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर होती. तिला विचारूनच हे लिहितोय. एका शनिवारी पुण्याहून आलेल्या ग्रुपमधल्या एकानं रजिस्टरवर सही करता करता तिचा हात धरला आणि नंबर मागितला. रात्री रूममधून चार वेळा इंटरकॉम वाजला, प्रत्येक वेळी "तूच पाणी घेऊन ये." तिनं मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर तसा वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "अगं ताई, पार्टी मोठीये. हसून सोडून द्यायचं असतं." पाणी घेऊन वेटरला पाठवलं आणि विषय संपला. दोन आठवड्यांनी हे घरी कळलं तेव्हा काकांनी एकच वाक्य उच्चारलं, "उद्यापासून जायचं नाही." पोरीची नोकरी गेली. त्या गिऱ्हाइकाची रविवारची मिसळसुद्धा चुकली नाही.

यात गिऱ्हाईक दोषी आहे हे उघड आहे. मला बोलायचंय ते मॅनेजरबद्दल आणि काकांबद्दल. दोघांचंही तिच्यावर प्रेम नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी काय करायचं असतं हे दोघांनाही माहीत नव्हतं. मॅनेजरला गिळून टाकणं माहीत होतं, काकांना काढून घेणं. आपल्या समाजाला या प्रश्नाची ही दोनच उत्तरं येतात आणि दोन्हींची किंमत बाईच मोजते.

काढून घेण्याचं उत्तर आपण सरकारी पातळीवरही देऊन बघितलंय. २००५ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना राज्यात डान्सबारवर बंदी आली. आबांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पोरांचे संसार उद्ध्वस्त होतायत ही गावोगावची ओरड खरी होती. पण बंदीनं झालं काय? हजारो बायकांचं काम गेलं आणि तारांकित हॉटेलांना मात्र त्यातून सूट होती. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली आणि १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. त्या निकालात एक साधी गोष्ट सांगितली आहे: या बायकांना कामावरून हटवण्यापेक्षा त्यांची सुरक्षितता आणि कामाची परिस्थिती सुधारणारे उपाय करणं जास्त योग्य ठरेल. त्याआधी २००७ मध्ये अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातली, दारू दिली जाते अशा ठिकाणी बायकांना नोकरीच देऊ नये ही तरतूद रद्द केली होती. संरक्षणाच्या नावाखाली बाईची रोजीरोटी काढून घेता येणार नाही, असा त्याचा अर्थ. न्यायालयाला जे २००७ मध्ये पटलं, ते आमच्या ओसरीवर अजून पोचलेलं नाही.

आता गिळून टाकण्याचं उत्तर. "गिऱ्हाईक म्हणजे देव" हे वाक्य हॉटेलच्या धंद्यात इतकं मुरलंय की कायदा फक्त साहेब आणि सहकाऱ्यांपुरता आहे असंच सगळ्यांना वाटतं. तसं नाही. कलम १९ मध्ये मालकाचं पहिलंच कर्तव्य आहे सुरक्षित वातावरण देणं, आणि कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या माणसांपासूनची सुरक्षितता त्यात धरलेली आहे. गिऱ्हाईक, सप्लायर, टूरचा ड्रायव्हर, सगळे त्यात आले. छळ करणारा कर्मचारी नसला तरी, बाईची इच्छा असेल तर त्याच्यावर फौजदारी कारवाई सुरू करून देणं हेही मालकाचंच काम आहे. म्हणजे "तो आपला माणूस नाही, मी काय करू?" हे मॅनेजरचं म्हणणं कायद्यापुढं टिकत नाही. पण हे मॅनेजरला सांगणार कोण?

इथं ट्रेनिंगचा मुद्दा येतो आणि इथंच मला माझ्याच क्षेत्राबद्दल बोलायला हवं. आयटीत आम्हाला दरवर्षी पॉशचं ऑनलाइन ट्रेनिंग असतं. चाळीस मिनिटांचं, इंग्रजीत. काचेच्या केबिनमधली कार्टूनची माणसं एकमेकांशी बोलतात. आपण दुसऱ्या खिडकीत कोड लिहीत राहतो आणि मधूनमधून 'पुढे'चं बटण दाबतो. शेवटी दहा प्रश्न, ज्यांची उत्तरं प्रश्नातच दिलेली असतात. सर्टिफिकेट येतं, एचआरच्या डॅशबोर्डवर हिरवी खूण येते. त्या चाळीस मिनिटांनी कंपनी सुरक्षित होते, बाई नाही. हे फक्त माझं मत नाही. अमेरिकेतल्या समान रोजगार संधी आयोगाच्या अभ्यासगटानं २०१६ च्या अहवालात म्हटलं की आजवरचं बरंचसं ट्रेनिंग छळ थांबवण्यासाठी उपयोगी पडलेलं नाही, कारण त्याचा सगळा रोख कायदेशीर जबाबदारी टाळण्यावर होता. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी आठशेहून अधिक कंपन्यांची माहिती तपासून २०१९ मध्ये असंच काहीसं दाखवलं. 'हे करू नका, ते करू नका' असं सगळ्यांना सुनावणाऱ्या ट्रेनिंगनंतर व्यवस्थापक पदावरच्या स्त्रियांचं प्रमाण काही गटांत उलट घटलं. मॅनेजरांना छळ ओळखायला आणि मध्ये पडायला शिकवलं तिथं चित्र बरं होतं.

मग ट्रेनिंग सोडून द्यायचं का? नाही. चांगलं करायचं. रात्री दोन वाजता आमचा सर्व्हर पडला तर ड्युटीवरच्या पोराला अक्कल लढवत बसावं लागत नाही. त्याच्यासमोर एक पान असतं: आधी हे तपास, मग याला फोन कर, दहा मिनिटांत उचलला नाही तर त्याला कर, आणि काय काय झालं ते वेळेसकट लिहून ठेव. घाबरलेल्या माणसाला विचार करता येत नाही हे गृहीत धरूनच ते पान लिहिलेलं असतं. हॉटेलच्या ट्रेनिंगमध्ये मला एवढंच हवंय. पाच प्रसंग, मराठीत, बसून बोलून, करून बघून. टॉवेलवर दार उघडणारा गिऱ्हाईक. बिल देताना हात धरणारा. "सेल्फी काढू या" म्हणत खांद्यावर हात टाकणारी पार्टी. रात्री घरी सोडताना गाडी आडरस्त्याला घेणारा ड्रायव्हर. आणि पाचवा, ज्याच्याबद्दल सगळे गप्प असतात, तो मालक स्वतः. प्रत्येक प्रसंगात ठरलेलं हवं: ती काम तिथंच सोडून बाहेर येणार, त्याबद्दल पगार कापणार नाही. तिच्या जागी कोण जाणार हे आधीच ठरलेलं. गिऱ्हाइकाशी मॅनेजर बोलणार, ती नाही. वहीत तारीख-वेळ नोंदवणार. रूम खाली करायला लावायचा अधिकार ड्युटीवरच्या मॅनेजरला असणार, त्यासाठी त्याला मुंबईतल्या मालकाला फोन लावावा लागणार नाही. आणि हे ट्रेनिंग फक्त बायकांना द्यायचं नाही. वेटर, आचारी, वॉचमन, ड्रायव्हर सगळे हवेत. चूक डोळ्यांसमोर होत असताना बघणारे तेच असतात.

शिकागोत हे घडलंय. तिथल्या हॉटेल कामगारांच्या युनियननं २०१६ मध्ये सुमारे पाचशे बायकांना विचारलं, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्यांपैकी ५८ टक्के जणींनी गिऱ्हाइकांकडून छळ झाल्याचं सांगितलं. पुढच्याच वर्षी शहरानं नियम केला. एकटीनं रूममध्ये काम करणाऱ्या बाईला पॅनिक बटण द्यायचं, हॉटेलनं लेखी धोरण ठेवायचं, आणि धोका वाटला तर काम सोडून बाहेर पडायचा तिचा हक्क मानायचा. हे सांगितलं की मित्र लगेच म्हणतात, "मग तू एक ॲप काढ ना!" अरे, कोयनेच्या खोऱ्यात कितीतरी वाड्यांवर फोनला रेंज येत नाही. आणि बटण दाबल्यावर धावत कोण येणार? तोच मॅनेजर, जो "हसून सोडून दे" म्हणतो. त्याला शिकवल्याशिवाय बटणाचा उपयोग नाही.

यावर नेहमीचे आक्षेप येतात. पहिला, "आमच्याकडं असलं काही होत नाही." सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तराखंडात ऋषिकेशजवळच्या एका रिसॉर्टमध्ये १९ वर्षांच्या रिसेप्शनिस्टचा खून झाला. जवळच्याच डोंगरातल्या गावची पोरगी, पहिलीच नोकरी. पाहुण्यांना 'खास सेवा' द्यायला तिनं नकार दिला होता, असं तपासात पुढं आलं. मे २०२५ मध्ये कोटद्वारच्या न्यायालयानं मालकासह तिघांना जन्मठेप दिली. त्या डोंगरातल्या लोकांनाही आधी वाटत असणार की आपल्याकडं असलं काही होत नाही. डोंगर, जंगल, बाहेरून आलेला पैसा आणि घराजवळची पहिली नोकरी, हे सगळं आमच्याकडंही आहे.

दुसरा, "ट्रेनिंग दिलं की पोरी नसत्या गोष्टी शिकतात, खोट्या तक्रारी होतात." आम्ही कोयनेच्या भूकंपाच्या गोष्टी ऐकत वाढलो. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट इथल्या प्रत्येक जुन्या घराला आठवते. जमीन हलली तर काय करायचं हे आम्हाला शाळेत शिकवलं. त्यानं भूकंप वाढतील असं कुणी म्हणालं नाही. आणि मुद्दाम खोटी तक्रार केली तर कारवाईची तरतूद त्याच कायद्यात, कलम १४ मध्ये आहे. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरते असं नाही, हेही तिथंच लिहिलंय.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. "माझ्याकडं सहा माणसं आहेत. मी कुठली समिती नेमू, कुठून ट्रेनर आणू?" दहा किंवा जास्त माणसं असली तर अंतर्गत समिती लागते, आणि त्यात हंगामी, कॉन्ट्रॅक्टरकडून आलेले, शिकाऊ, सगळे मोजायचे असतात. त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे आणि तक्रार घ्यायला तालुक्यात नोडल अधिकारी. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणातून निघालेल्या ऑरेलियानो फर्नांडिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ३ डिसेंबर २०२४ ला राज्यांना हे सगळं भरायची मुदत घालून दिली. यंत्रणा कागदावर आहे. पण तक्रार तीन महिन्यांत करावी लागते आणि नोडल अधिकाऱ्याचं नावच माहीत नसलेल्या पोरीचे तीन महिने घरात रडण्यातच जातात.

छोट्या मालकाच्या अडचणीवर तोड काढायला आम्हाला लांब जायची गरज नाही. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले, मंद्रुळकोळ्याचे. मुंबईच्या गोदीत, बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांना एक असा मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. एकट्या व्यापाऱ्याला त्यांचा पीएफ, दवाखाना परवडणारा नव्हता. १९६९ च्या माथाडी कायद्यानं त्यावर मंडळाची युक्ती काढली. व्यापारी नोंदणी करतात, मजुरीवर ठरावीक लेव्ही भरतात आणि कामगार, मालक व सरकार यांचे प्रतिनिधी असलेलं मंडळ सगळ्यांसाठी सोयी चालवतं. एकट्याला जे जमत नाही ते सगळ्यांनी वर्गणी काढून करायचं. तालुक्यातले रिसॉर्ट, होमस्टे, ढाबे यांनी मिळून असंच करावं. रूममागे वर्षाला थोडी रक्कम, त्यातून एक शिकलेली प्रशिक्षक, दरवर्षी दोन तासांचं सत्र, आणि नोडल अधिकाऱ्याचं नाव-नंबर असलेली एकसारखी पाटी. पर्यटन खात्यानं नोंदणी आणि अनुदानाला ही अट जोडावी. २०२३ मध्ये खात्यानं महिला उद्योजिकांसाठी 'आई' नावाचं धोरण आणलं, १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा दिला. चांगलंच केलं. पण मालकीण व्हायला मदत करणाऱ्या खात्यानं त्याच हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बाईकडंही बघावं.

धमकीही आहेच. कायदा मोडला तर ५० हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर दुप्पट, आणि परवाना रद्द होऊ शकतो. पण मला दंडाची भीती घालायची नाहीये. ज्या भागात चांगल्या पोरी कामाला टिकत नाहीत, तिथलं पर्यटन फार पुढं जात नाही, एवढं मालकांना धंद्याच्या भाषेत कळेल.

आता तुमच्याबद्दल, जे हे फोनवर वाचताय आणि जुलैत कोयनेला यायचं ठरवताय. बुकिंग करताना तुम्ही वायफाय आहे का, डीजे चालेल का, हे विचारता. त्याच फोनवर अजून दोन प्रश्न विचारा: तक्रार समितीचा बोर्ड लावलाय का? स्टाफचं ट्रेनिंग झालंय का? दहा जणांनी विचारलं तर मालक हसेल. शंभर जणांनी विचारलं तर तो बोर्ड छापून घेईल. रिव्ह्यूमध्ये पिठलं-भाकरीबरोबर त्या बोर्डाबद्दलही एक ओळ लिहा. आणि तुमच्याच ग्रुपमधला एखादा रिसेप्शनवरच्या पोरीला नंबर मागायला लागला, तर त्याला तिथल्या तिथं थांबवा. ते काम मॅनेजरच्याही आधी तुमचं आहे.

आणि तालुक्यातल्या मालकांना एकच विनंती. मेच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही गाद्या उन्हात टाकता, गळकी कौलं बदलता, जनरेटर तपासून घेता. त्याच आठवड्यात एका दुपारी आचाऱ्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना एका खोलीत बसवा आणि दोन तास या पाच प्रसंगांवर बोला. स्वतःही त्या खोलीत बसा, कारण पाचवा प्रसंग तुमचा आहे.